'मी येतो' म्हणणाऱ्या काकू आणि जर्मनीचं तिकीट

"मॅडम, पहिल्यांदाच परदेशात आपल्या माणसांकडे चाललोय, तिकीट झालंय, घरचे सगळे खूश आहेत आणि मला मात्र झोप नाही, जाऊच नये असं वाटतंय. हे नॉर्मल आहे का?" मी समुपदेशक, उन्हाळा आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही भावकीत आता एखादा पोरगा बाहेर असतोच, आणि तो नोकरीत जरा स्थिरावला की त्याला काका-काकूंना बोलवायची घाई होते. हो, नॉर्मल आहे. पण नुसतं नॉर्मल आहे म्हणून सांगितल्यानं कुणाची भीती जात नाही, म्हणून एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारलंय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू बेळगावातल्या अनगोळच्या, वय 61, रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका, मिस्टर जाऊन चार वर्षं झालेली. ज्याच्याकडे जायचं तो त्यांचा पुतण्या, गावाकडून बारावीला आला तो इंजिनिअरिंग संपेपर्यंत यांच्याच घरी राहिला, यांच्या हातची भाकरी खाऊन शिकला. आता स्टुटगार्टला नोकरीला आहे, बायको जर्मन. काकूंना त्यांचा मुलगा घेऊन आला आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "मॅडम, हिला जरा समजावून सांगा." काकू खाली बघून पर्सची चेन उघडझाप करत होत्या. महिनाभर धड जेवण नाही, पहाटे तीनला जाग, वजन कमी झालेलं. मी आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवून बीपी, थायरॉइड, शुगर तपासून घ्यायला लावलं, कारण दर वेळी कारण मनातच असतं असं नाही. रिपोर्ट ठीक निघाले.

मग चूक केली ती मी. पहिल्याच सेशनला तासभर माहितीच दिली. शेंगेन व्हिसा (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) म्हणजे 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा लागतो पण जुने आजार त्यात धरलेत का ते वाचून बघा, गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा, गुडघा दुखतो तर एअरलाइनला आधी कळवून व्हीलचेअर मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. काकू मान डोलवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे हो, पण मी काय जात नाही."

दुसऱ्या वेळी मी गप्प बसले आणि त्यांना वही दिली. डाव्या पानावर विचारून सुटणाऱ्या काळज्या, उजव्या पानावर विचारूनही न सुटणाऱ्या. डावं पान गच्च भरलं. बाथरूममधे बादली असते काय, उपवासाला काय खायचं, दिवसभर घरात एकटं राहायचं काय, कुंदा न्यायचा काय. (कुंद्याचं उत्तर लगेच देऊन टाकते, बाहेरच्या देशातून दुधामांसाचे पदार्थ सामानातून न्यायला युरोपात मनाई आहे, आणि आपला कुंदा म्हणजे सगळा खवाच, तेव्हा पोरानं कितीही हट्ट केला तरी नको.) ही सगळी यादी पुतण्याला पाठवली, त्यानं एका रात्रीत सगळ्याला उत्तरं दिली.

उजव्या पानावर दोनच ओळी होत्या. 'तिथं मला काय झालं तर.' आणि खाली बारीक अक्षरात, 'हसतील.'

पहिलीचं उत्तर इन्शुरन्स आणि डॉक्टर यांच्यात थोडंफार मिळतं. दुसरीवर बोलायला काकूंना दोन सेशन लागली.

तीस-एक वर्षांपूर्वी त्या पुण्याला मिस्टरांच्या चुलतभावाकडे लग्नाला गेल्या होत्या. स्वयंपाकघरात बायकांत बसून काम करत होत्या, कुणीतरी हाक मारली आणि या म्हणाल्या, "थांबा, मी येतो." आता बेळगाव-कोल्हापूरकडं आम्ही बायका असंच बोलतो, मी येतो, मी जातो, मी जेवलो, त्यात काही वेगळं आहे हेच कुणाला जाणवत नाही. मी स्वतः क्लिनिकमधे 'येते' म्हणते आणि घरी आईशी बोलताना 'येतो'. पण त्या स्वयंपाकघरात एक कॉलेजातली मुलगी फिस्सकन हसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही पुरुष आहात का?" सगळ्या हसल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, दोन मिनिटांत विषय बदलला पण. काकू मात्र त्यानंतर पुण्याला कुठल्याच कार्याला गेल्या नाहीत. कधी पोरांची परीक्षा, कधी पाठ धरलीय. आणि गंमत म्हणजे हे सगळं मराठीत घडलेलं, आपल्याच माणसांत. मग जर्मनीत काय होईल?

आमच्याकडे येणारे बरेच जण विमानाला घाबरतोय, भाषेला घाबरतोय म्हणतात. माझा अनुभव असा की विमानाची भीती बहुतेक वेळा वरची असते. खालची भीती ही की ज्या नात्यात आपण देणारे होतो तिथं आता घेणारे होणार, नळ कसा उघडायचा हेसुद्धा विचारावं लागणार, तेही ज्याला आपण वाढून दिलं त्याला.

मी काकूंना विचारलं, तुम्हाला कन्नड किती येतं? म्हणाल्या, "येतं की, बाजारापुरतं, ऑफिसापुरतं. चुकतं, पण चालतं." कोण हसतं का? "हसतात की कधी कधी. हसूदेत, काम होतंय न्हवं." मी काही बोलले नाही. काकूच थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मला अडकवलात बघा." उभ्या आयुष्यात बसची पाटी कन्नडमधे वाचली, फॉर्म कन्नडमधे भरले, शेजारणीशी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलून सुखदुःख वाटून घेतलं, अर्धवट येणाऱ्या भाषेत मानानं कसं राहायचं याचा सराव या सीमेवरच्या माणसाइतका कुणाला असणार. पुण्यात लागलं कारण ती भाषा आपली होती.

मग व्हिसाचंच आम्ही प्रॅक्टिस करून टाकलं. आपण पडलो कर्नाटकातले, त्यामुळं जर्मनीच्या व्हिसाचा अर्ज द्यायला बेंगळुरू ठरलं. मुलगा रजा काढून सोबत येणार होता, त्याला सांगितलं जा, पण बोलायचं नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीतून गेले, काउंटरवर काकू स्वतः कन्नडमधे बोलल्या, मधेच इंग्रजी, मधेच हिंदी. बोटांचे ठसे आधी नीट उमटले नाहीत, तिथल्या पोरीनं हात पुसून परत ठेवायला लावले, आणि काकूंनी तिला कन्नडमधे सांगितलं की पस्तीस वर्षं खडू धरलाय, रेषा कुठनं राहणार. ती पोरगी हसली. हे हसणं काकूंनी मला दोनदा सांगितलं.

आणि एक अभ्यास दिला होता, पुतण्याच्या बायकोशी रोज दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, पुतण्यानं मधे पडायचं नाही. चौथ्या दिवशी काकूंचा मला फोन, आधी नुसतं हसूच. ती मुलगी मराठी शिकत होती नवऱ्याकडून, आणि कॉल ठेवताना अगदी ठसक्यात म्हणाली, "काकू, मी जातो हं, उद्या येतो." पुरुषाकडून शिकलेली, दुसरं काय येणार तिला. काकू म्हणाल्या, "मी काय सुधारलो नाही तिला."

गेल्या एकदाच्या जूनमधे, सहा आठवड्यांसाठी. 90 दिवस मिळतात म्हणून 90 दिवस राहायचं नसतं, हे मी सगळ्यांना सांगते, पहिल्या खेपेला चार ते सहा आठवडे भरपूर, आणि परतीची तारीख जाण्याआधी दोन्ही घरांना माहीत पाहिजे. म्हणजे पाहुणाही मोकळा आणि घरचेही.

सगळं गोड झालं असं नाही. पहिल्याच रविवारी सकाळी सातला चटणीसाठी मिक्सर लावला, पुतण्या धावत आला, तिथं रविवारी बिल्डिंगमधे आवाज करत नाहीत. एकदा कचरा टाकायला खाली गेल्या आणि मागं दार ओढलं गेलं. तिकडची बरीच दारं बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत, नुसतं लोटलं तरी बंदच. पाऊण तास जिन्यात बसून होत्या, खालच्या मजल्यावरच्या आजीनं खुर्ची आणून दिली. तेव्हापासून मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, पोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे स्वतःची किल्ली मागून घ्या आणि घरचा पत्ता तिकडच्या भाषेत लिहिलेला कागद पर्समधे ठेवा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, तर देवापुढं दिवा कधी लावायचा, हा मात्र प्रश्न मी सोडवू शकले नाही. त्यांनी आपलं घड्याळ बघून सातला लावायला सुरुवात केली.

पंधराव्या दिवशी सकाळी नऊला फोन आला, म्हणजे तिथं साडेपाच. आवाज पडलेला. "तिला मी नको झालोय. दोन दिवस बोलंना." मी विचारलं, तुम्ही दिवसभर काय करताय? तर तिन्ही वेळचा स्वयंपाक, भांडी, किचनमधले डबे उतरवून पुसून पुन्हा लावणं. रिकामं बसायला लाज वाटते म्हणून. मी म्हटलं, अंदाज बांधत बसू नका, तिलाच विचारा, बाजारात भाव विचारता तसं सरळ. संध्याकाळी विचारलं. ती पोरगी रडायलाच लागली. तिला वाटत होतं की नवऱ्यानं म्हाताऱ्या काकूला बोलावून घरकामाला जुंपलंय, आणि आपण ऑफिसातून येऊन आयतं खातोय म्हणजे आपणच वाईट. शिवाय चहाचा डबा तीन दिवस सापडत नव्हता, ते वेगळंच. मग ठरलं, मंगळवार-शुक्रवार किचन काकूंचं, बाकी दिवस तिचं, आणि डबे जिथल्या तिथं. बाकीच्या वेळात काकू रिकाम्या बाटल्या घेऊन दुकानातल्या मशीनवर जायला लागल्या, तिकडं पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागं 25 सेंट डिपॉझिट असतं, बाटली परत घातली की मशीन पावती देतं, ती काउंटरवर वटवायची. हे काम त्यांना फार आवडलं, एकटीनं जायचं, एकटीनं यायचं, वाटेत त्या खुर्चीवाल्या आजीला हात करायचा.

परत आल्यावर भेटायला आल्या त्या मुलाला न घेता, अनगोळहून टिळकवाडीला एकट्याच रिक्षानं. माझ्यासाठी चॉकलेट आणलेलं. पर्समधून ते काढताना एक चुरगळलेली पावती खाली पडली, दीड युरोची, सहा बाटल्यांची. राहिली वाटतं वटवायची, मी म्हटलं. काकूंनी ती उचलून गुडघ्यावर हातानं सपाट केली, घडी घालून परत आतल्या कप्प्यात ठेवली आणि म्हणाल्या, "राहूदे की. तिला आता बाळ होणार आहे."