आवाज येतोय, शब्द कळत न्हाई

"मला ऐकू येतंय सगळं, मॅडम. ही माणसंच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलालीत."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या श्रवण-चिकित्सालयात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतंच. या वेळी बोलले ते आबा. वय ६७. आधी उद्यमनगरात नोकरी, मग शिरोलीत स्वतःचं छोटं फेटलिंगचं शेड. ओतकामातून आलेल्या कास्टिंगच्या कडा घासून काढायचं काम, म्हणजे तीसेक वर्षं ग्राइंडरच्या शेजारी गेलेली. सोबत काकू होत्या आणि पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आलेला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काकूंनी लगेच खोडून काढलं. "ऐकू येतंय म्हणं! परवा मी विचारतो, ताट घेऊ का? तर हे म्हणतात, नको, ताकानं सर्दी होती." काकू अस्सल पेठेतल्या, 'मी विचारतो, मी जातो' म्हणणाऱ्या.

मुलाने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. त्यात सात-आठ श्रवणयंत्रांचे फोटो, किमती आणि खाली ब्लूटूथ, ॲप, एआय, ऑराकास्ट असे शब्द. "यातलं सगळ्यात लेटेस्ट कुठलं ते सांगा मॅडम, पैशाचं मी बघतो."

आबा म्हणाले, "ते ब्लूटूथ-बिटूथ डोक्याला ताप. साधं मशीन द्या. न्हाईतर कायच नको."

'मुलगा वायरलेस घ्या म्हणतोय, मला साधं बरं वाटतंय, काय करू?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आबांची गोष्ट सांगितली तर निम्म्या लोकांना उत्तर मिळेल असं वाटतं.

आधी तपासणी. कानात मळ नव्हता, पडदा ठीक. ऑडिओग्राम काढला, म्हणजे जड ते बारीक कोणता सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख. डेसिबलचा आकडा जितका मोठा तितका दोष जास्त. ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ५०, ४००० ला ७०. दोन्ही कान जवळजवळ सारखे. चारांची सरासरी ४४ च्या आसपास, म्हणजे मध्यम प्रतीचा श्रवणदोष. आलेख डावीकडे बरा आणि उजवीकडे घसरगुंडीसारखा खाली. आपल्या कारखाना नियमांत गोंगाटाला आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण आबांच्या उमेदीत कानात बोळे घालणाऱ्याला शेडमध्ये हसायचे.

मी कागद काकूंपुढे धरला. अ, आ, ओ, म, न हे जड आवाज डावीकडच्या भागात येतात, ते आबांना ऐकू येतात. स, श, फ, क, ट, त यांचा जो बारीक, धारदार भाग असतो तो उजवीकडे, नेमका तोच गेलेला. म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं, 'ताट' की 'ताक' ते कळत नाही. "म्हणजे तुम्ही दोघंही खरं बोलताय," मी म्हटलं. आबांनी विजयी मुद्रेने काकूंकडे पाहिलं. ते अर्धंच खरं होतं, पण पहिल्याच भेटीत माणसाला हरवू नये या मताची मी आहे.

यंत्र त्या दिवशी दाखवलंच नाही. मुलाचा थोडा विरस झाला. मी आबांना एक वही दिली. आठ दिवसांत जिथे-जिथे बोलणं निसटलं, ती जागा आणि माणूस लिहून आणायचा. आकडे नकोत, वाक्यं नकोत, फक्त जागा आणि माणूस.

आठ दिवसांनी वहीत पाच ओळी होत्या. काकूंची स्वयंपाकघरातली हाक, मिक्सर चालू असताना. टीव्हीवरच्या बातम्या. संध्याकाळचा तालमीसमोरचा कट्टा, पाच दोस्त एकदम बोलतात. गुरुवारचं भजन, बुवा मधूनमधून अभंगाचा अर्थ सांगतात तो. आणि शेवटची ओळ, जरा बारीक अक्षरात: 'नातीचा फोन. हिच्याकडं देतो.'

मुलाने ती ओळ वाचली आणि काही बोलला नाही. त्याला वाटत होतं, वडिलांना फोनवर बोलायचा कंटाळा आहे.

यंत्र निवडायला माझ्या दृष्टीने ही वहीच पुरेशी असते. वायरलेस सोयीमुळे कान सुधारत नाही. कानाला हवी तेवढी वाढ देणं हे यंत्राच्या मूळ बसवणीचं काम. ती ऑडिओग्रामप्रमाणे झाली नसेल, कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष आवाज मोजून पाहिलेला नसेल, तर लाखाचं यंत्रही नुसता गोंगाट देतं. वायरलेसचं काम वेगळं आहे. बोलणाऱ्याच्या तोंडातून आवाज उचलायचा आणि मधलं अंतर, मधला कोलाहल, खोलीतला घुमारा वगळून थेट कानात सोडायचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो. मिक्सर मात्र आहे तिथेच, आहे तितकाच. काकू दोन पावलं मागे सरकल्या की आबा का गडबडतात, ते यात आलं.

मग मी मुलाची यादी घेतली आणि वहीशेजारी ठेवली.

फोनवर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण लोक तिथेच फसतात. 'ब्लूटूथवालं' म्हणजे एकच गोष्ट नाही. आयफोनची श्रवणयंत्रांशी थेट जुळणी २०१३-१४ पासून आहे. अँड्रॉइडची तशी पद्धत २०१९ मध्ये अँड्रॉइड १० सोबत आली, पण ती प्रत्येक फोनमध्ये असतेच असं नाही. काही यंत्रं नेहमीचं ब्लूटूथ वापरतात. ती ब्लूटूथ असलेल्या बटणवाल्या फोनलाही जुळतात. आणि आता ब्लूटूथ एलई ऑडिओ नावाचं नवं प्रमाण आलंय, २०२० मध्ये जाहीर झालेलं. त्याला बॅटरी कमी लागते, पण ते फोनमध्येही हवं आणि यंत्रातही. मुलाने निवडलेलं सगळ्यात महागडं यंत्र आबांच्या फोनला थेट जुळत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या फोनला जुळत होतं. दुकानात दाखवताना त्याच्याच फोनवर दाखवलं गेलं असणार.

म्हणून माझा आग्रह असतो: ज्याच्या कानात यंत्र जाणार त्याचाच फोन घेऊन या, आणि माझ्यासमोर घरी एक फोन लावा. आणखी एक विचारायचं असतं ते कोणी विचारत नाही. आपला आवाज पलीकडे कुठून जातो? काही यंत्रं स्वतःच्याच माइकवरून आपलं बोलणं पाठवतात, फोन खिशात राहिला तरी चालतो. काहींना फोन तोंडापाशी धरावाच लागतो. आबा अजून स्कूटरच्या डिकीत फोन विसरून येणारे गृहस्थ, त्यांच्यासाठी हा फरक मोठा.

ऑराकास्ट ही सभागृहातला किंवा विमानतळावरचा आवाज एकाच वेळी अनेकांच्या यंत्रांत सोडायची सोय. कल्पना फार चांगली आहे. पण अशी सोय बसवलेलं सभागृह कोल्हापुरात मी तरी अजून पाहिलेलं नाही. नुसत्या त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, मी स्पष्ट सांगितलं. टीव्हीसाठी छोटा ट्रान्समीटर मिळतो, तो टीव्हीला जोडला की काकूंनी आवाज दहावर ठेवला तरी आबांना हवा तेवढा ऐकू येतो.

आबांच्या 'डोक्याला ताप'वर मी हसले नाही. भीती खरी असते. ब्लूटूथच्या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींची मोडतोड करणाऱ्या नसतात, आणि यंत्र ज्या ताकदीने त्या सोडतं ती कानाला लावलेल्या मोबाइलपेक्षा फारच कमी. "तुम्ही तासभर फोन कानाला लावून माल कधी पोचतोय विचारायचा, तेव्हा डोकं तापलं न्हवतं?" काकूंनी परस्पर निकाल लावला. पेसमेकर असता तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारा म्हटलं असतं, कारण चार्जरच्या डबीत आणि काही जोडसाधनांत लोहचुंबक असतो.

शेवटी मधल्या किमतीची, कानामागे बसणारी आणि बारीक तारेने स्पीकर कानात सोडणारी जोडी ठरली, चार्जिंगवाली. कान पूर्ण बंद न करणारा मोकळा डोम, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपी, कारण जड आवाज त्यांना तसेही येतात आणि कान बंद केला की स्वतःचा आवाज घुमतो. महागड्या जोडीपेक्षा जे पैसे वाचले त्यांतले काही बोलणाऱ्याच्या कपड्याला लावायच्या, आवाज थेट यंत्रात सोडणाऱ्या वायरलेस माइकवर घालायचे. आधी पंधरा दिवस चाचणीला.

आणि इथे माझी चूक झाली. मी फोन जोडला, आवाज तपासला, सगळं झकास म्हणून पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच तणतणत आल्या. झालं असं होतं, आबा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते, फोन खाली स्वयंपाकघरात. नातीचा फोन आला, काकूंनी उचलला आणि "हॅलो, हॅलो" करत बसल्या. त्यांना काहीच ऐकू येईना. वर गच्चीवर आबांच्या दोन्ही कानांत अचानक नात बोलायला लागली. आबांच्या हातून झारी पडली. शिवाय सकाळी सहापासून व्हॉट्सॲपवरचे सुप्रभात कानात टुंग टुंग वाजत होते, कारण त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर चाळीस माणसं आहेत आणि चाळीसही भल्या पहाटे उठतात.

दोन्हीवर उपाय पाच मिनिटांचे. सूचनांचे आवाज यंत्राकडे जाऊ द्यायचे नाहीत, आणि फोन दुसऱ्याने उचलला तर आवाज फोनवर कसा घ्यायचा ते काकूंनाही शिकवायचं. ते मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तेव्हापासून घरातल्या दुसऱ्या माणसाला बसवून घेतल्याशिवाय मी फोन जोडत नाही.

माइकचा अनुभव संमिश्र. काकू कामाच्या वेळी तो पदराला लावायच्या, तिथे लगेच फरक पडला. भजनात पहिल्या गुरुवारी आबांनी तो पेटीवर ठेवला आणि कानात नुसती पेटी वाजली. पुढच्या वेळी बुवांच्या सदऱ्याला लावला, मग निरूपण शब्दन् शब्द. कट्ट्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पाच माणसं एकमेकांना तोडत बोलतात तिथे माइक कोणाला लावणार? तिथे मी सांगितलं ते अगदी जुन्या पद्धतीचं: भिंतीला पाठ करून बसा, आणि ज्याचं सगळ्यात निसटतं तो समोर घ्या. आबा म्हणाले, "मग तर वस्तादालाच समोर बसवायला लागणार, लई पुटपुटतोय." कट्टा अजूनही साठ-सत्तर टक्केच जमतो, असं ते स्वतःच सांगतात. ते मान्य करूनच त्यांनी जोडी घेतली.

पैशाविषयी थोडं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. सुटे सेल लागणारी यंत्रं अजूनही चांगली असतात. बोटं थरथरत असतील, सेलवरचा स्टिकर सोलणं जमत नसेल तर चार्जिंगवालं बरं, आणि दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या वाडीवर राहत असाल तर सेलवालं बरं. अपंगत्व प्रमाणपत्रासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलचा दोष लागतो, आबा त्यात बसत नव्हते. ६५ पुढच्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून एकरकमी ३००० रुपये मिळायची सोय झाली. तेवढ्यात वायरलेस यंत्र येत नाही, पण गरजू घरांत मी ते आवर्जून सांगते. महागडंच घ्यायला हवं असं कोणी कर्ज काढून करू नये. चांगलं बसवलेलं साधं यंत्र, घाईत घेतलेल्या भारी यंत्रापेक्षा कपाटात कमी जातं. कपाटात गेलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिलीत.

जुलैत, पाऊस धो धो असताना, मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, आबा बोलालोय. स्कूटरवरनं रंकाळ्याला चाललो की कानात वारं घोंगावतंय, त्याला काय करायचं?"

ॲपमध्ये वाऱ्याचा प्रोग्रॅम कुठे आहे ते सांगितलं, रेनकोटची टोपी यंत्रावर घासू देऊ नका म्हटलं, आणि रात्री यंत्रं ओल शोषणाऱ्या डबीत न चुकता ठेवताय ना, तेही विचारलं.

"ठेवतो की. थांबा, हिला काय तरी बोलायचं हाय, पण ती म्हणती तुमचा आवाज माझ्याच कानात येतोय."