घरबसल्या विक्री सुरू करताना

ताई, कंपनीचा माल घरोघरी विकायला घेताना कंपनीनं नाव नोंदवायलाच पैसे मागितले किंवा माणसं जोडण्यावर कमिशन सांगितलं, तर तिथंच थांबा. अशा माणसं जोडण्यावर चालणाऱ्या, म्हणजे पिरॅमिड योजनांना थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांत बंदी आहे. ग्राहकाच्या घरी जाताना ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ लागते, हेही त्यातच आहे.

हिशेब आधी मांडा. 400 रुपयांच्या वस्तूवर 20 टक्के कमिशन म्हणजे 80 रुपये. क्रीमच्या एका डबीसाठी कोल्हापुरात राजारामपुरीतून कसबा बावड्याला गेलात, तर पेट्रोल वजा जाऊन हाती फारसं उरत नाही. म्हणून आपली गल्ली, भिशी आणि शाळेच्या दारातल्या आयाच धरा. मुलं शाळेत असतात तेवढ्यातच माल पोचवा.

धंदा बुडतो तो उधारीनं. ओळखीत पैसे मागायला जीभ रेटत नाही, मग रक्कम अडकते. आधी पैसे, मग ऑर्डर. महिनाअखेरीस टार्गेटसाठी स्वतःच माल उचलू नका. मुदत संपलेल्या क्रीम कपाटातच राहतात.