सोलापुरात बिडी-सिगारेट खरंच कमी झाली का? आणि व्हेप चालतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट, म्हणजेच व्हेप, बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं देशभर बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर आहे’ ही पळवाटही चालत नाही, व्याख्येत तेही धरलंय.

आता ओढण्याचं. कमी झालंय, निदान चारचौघांत तरी. लहानपणी एसटीत पुढच्या सीटवरचा धूर तोंडावर यायचा आणि कुणाला काही वाटायचं नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आली, २०० रुपये दंड आला. दंड भरताना मी कुणाला पाहिलं नाही, पण ‘बाहेर जा की ओ’ म्हणायची हिंमत लोकांना आली, हे खरं.

गंमत म्हणजे आपलं गाव बिडीवर पोट भरणारं. पूर्व भागात सूप मांडीवर घेऊन तेंदूपानात तंबाखू वळणाऱ्या बायका, जवळच्या कुंभारी गावातली त्यांच्यासाठी बांधलेली १० हजार घरांची वसाहत. तिथे ‘बिडी वाईट’ एवढं म्हणून भागत नाही, घरची चूल त्यावर पेटते.

आणि धूर कमी झाला म्हणून तंबाखू सुटली असं समजू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. जिन्याचे कोपरे मात्र अजून लालच आहेत. माझा एक मित्र सिगारेट सोडल्याचं अभिमानाने सांगतो. मावा चघळत.