वर्कशॉपच्या शेडमध्ये कॅम्पर व्हॅन उभी करून, घर बांधून होईपर्यंत कुटुंबासह राहता येईल का? भाडं किती वाचेल, गाडी कोणती घ्यावी?

भाडं वाचवायला राहणार असाल तर राहू नका. हे आधीच सांगतो, कारण मी महिन्याचं ९ हजार भाडं वाचवायला बायकोपोरांना १० महिने बसमध्ये ठेवलं, असं आमच्या सासुरवाडीत आजही बोललं जातं.

सोलापुरात होटगी रोडला माझं गेट, ग्रिल, ट्रॉलीचं वर्कशॉप आहे. पुढं शेड, मागं रिकामी जागा. त्या जागेत २०१९ साली घर बांधायला काढलं. तुमची कॅम्पर व्हॅन. आमची शाळेतून निवृत्त झालेली टाटा ४०७ मिनीबस, एमएच-१३ पासिंग, इंजिन गेलेलं, भंगारवाल्याकडून ७० हजाराला. ट्रॅक्टरने ओढत आणली. दारात आल्यावर कळलं, शटरची उंची साडेनऊ फूट आणि टपावरच्या कॅरियरसकट बस १० फूट. जन्मभर लोकांच्या शटरची मापं घेणारा माणूस स्वतःच्या शटरला चुकला. कॅरियर गॅस कटरने कापलं, टायरची हवा सोडली, तेव्हा बस आत गेली. सीटा काढल्या, दोन समोरासमोर ठेवून मध्ये फळी टाकली, पोरांच्या अभ्यासाला. मागे एकावर एक झोपायच्या बाका वेल्ड केल्या. स्वयंपाक बसच्या बाहेर, शेडच्या मोकळ्या टोकाला.

बायकोची अट एकच होती. "आधी संडास, मग पाया." अख्ख्या बांधकामात याच्याइतकं शहाणं वाक्य दुसऱ्या कुणी बोललं नाही. शोषखड्डा, संडास, न्हाणी डिसेंबरातच बांधून घेतली. पुढं गवंड्या-बिगाऱ्यांनीही तीच वापरली. गाडीतल्या संडासाच्या नादी लागू नका. ती टाकी रोज कुठं रिकामी करणार, ते आधी सांगा.

मेहुण्याने जुळे सोलापुरात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. किल्ली हातात घेऊन शेडात आला, बसला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दाजी, बहिणीला डब्यात ठेवणार का?" तो 'डबा' शब्द सासुरवाडीला, बार्शीपर्यंत पोचला. लग्नकार्यात लोक अजून विचारतात, डब्यातून बाहेर आलात का.

आता डब्यात का राहायचं ते ऐका.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत माणूस मिळत नाही म्हणून संक्रांत उरकल्यावर खोदाई काढली. १२ कॉलमचे १२ खड्डे. दहांत ५-६ फुटांवर पिवळा मुरूम लागला. नैऋत्येच्या दोन खड्ड्यांत ७ फूट गेलो तरी काळीच. कधीकाळी तिथं ओढा असणार किंवा कुणी खड्डा बुजवलेला असणार. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, पावसात फुगते. वर जे उभं असेल ते उचलते आणि वाळली की सोडून देते. दहा पाय मुरमावर आणि दोन काळीत असलं घर चालायला लागतं. गुत्तेदाराला मी संध्याकाळी सांगितलं, अजून खाली जा. तो म्हणाला, "जातो की मालक. सकाळी दहाला काँक्रीट धरू."

सकाळी साडेपाचला मिक्सरचा आवाज. मी बसच्या पायरीवर, तोंडात ब्रश. जाऊन बघतो तर दोन्ही खड्ड्यांच्या तळाला पिवळाधमक मुरूम.

"रात्रीत लागला?"

"लागला की मालक."

बाजूला १२ एमएमची सळईची तुकडी पडली होती. ती तळात खुपसली. पहिलं वीतभर अडली, मग नुसत्या हाताच्या जोराने दोन फूट आत गेली. वर ओढली तर टोकाला काळा चिखल. ट्रॅक्टरभर मुरूम पसरून वर धुम्मस केला होता, बस्स. सळई त्याच्या नाकासमोर धरली. त्यावर हा गडी काय म्हणाला? "मालक, तुम्ही हितंच राहताय म्हणून कामाला बरकत नाही बघा. जरा झोपत जावा की."

मी ब्रश तोंडात ठेवूनच मिक्सरचं बटण बंद केलं. खूप वाजलं आमचं. बस अर्धी जागी झाली, धाकटा खिडकीतून "पप्पा मारामारी आहे का" म्हणून ओरडला. शेवटी बायकोने सगळ्यांना चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर गुत्तेदार म्हणाला, वरचे पैसे पडतील. पडू दे म्हटलं. दोन दिवस काम थांबलं. साडेदहा फुटांवर टिकाव खणकन वाजला तेव्हा मी स्वतः खाली उतरून सळई टोचून बघितली. १८ हजार जास्त गेले.

९ हजार भाडं भरून जुळे सोलापुरात झोपलो असतो, तर बरोबर दहाला पोचलो असतो. तोवर काँक्रीट पडलेलं असतं आणि मी गुत्तेदाराला "वा, आज वेळेवर" म्हणालो असतो. पाया एकदाच उघडा असतो. प्लास्टर, फरशी, रंग यांच्यावर रविवारी येऊन लक्ष ठेवता येतं. खड्ड्यावर येत नाही.

आता मेहुण्याच्या बाजूचं. मे महिना वाईट गेला, नाकारत नाही. बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीस, वर पत्रा, पत्र्याखाली आणखी एक पत्र्याची बस. पोरांचा ताप बघायचा पाऱ्याचा थर्मामीटर दुपारी कुणाच्या काखेत न लावता ४२ ला जाऊन टेकला होता, त्याच्या पुढं त्याला आकडेच नाहीत. शेडच्या पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले, थोडा फरक पडला. कूलर आपल्या कोरड्या हवेत चांगला चालतो, पण समोरून हवा बाहेर जायला वाट लागते. पहिले चार दिवस मी शटर ओढून कूलर लावत होतो आणि बसमध्ये इडल्या वाफवायच्या बाकी होत्या. रात्री बाजा टाकून बाहेरच झोपायचो.

त्यात पाणी. तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, हे सोलापूरकराला सांगायला नको. आमचा स्लॅब त्याच महिन्यात पडला. गरम कोरड्या हवेत स्लॅबला कमीत कमी १० दिवस ओल लागते, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर १४ दिवस धरा. म्हणजे टाकीतलं पाणी कूलर पिणार, स्लॅब पिणार की माणसं, असा रोजचा तंटा. स्लॅबवर वाफे करून बारदानं अंथरली, टँकर मागवले. एका दुपारी मी बादली घेऊन स्लॅबवर निघालो तर बायको म्हणाली, "ती आंघोळीची आहे." मी तरी नेली. दुसऱ्या दिवशी ती पोरांना घेऊन बार्शीला गेली, तीन आठवड्यांनी आली. सासुरवाडीत हा भाग फार रंगवून सांगतात. स्लॅबला भेग नाही, हे कुणी सांगत नाही. बादली न्यायला नको होती, हेही खरं.

हिशेब विचारलात म्हणून: बस ७० हजार, आतलं काम ३५, कूलर ८. दसऱ्याला घरात गेलो आणि बस ५५ हजाराला परत भंगारात दिली. म्हणजे ५८ हजार गेले आणि भाड्याचे ९० वाचले. उरलेल्या ३२ हजारांतून टँकर वजा करा. दोन खिडक्यांची ग्रिलंही येणार नाहीत. आणि मला वेल्डिंगची मजुरी लागली नाही, तुम्हाला लागेल.

गाडी कोणती घ्यावी, यावर माझं मत कामाचं नाही. मला भंगाराचाच भाव कळतो. रस्त्यावर चालवायची असेल तर गॅरेजमध्ये परस्पर पलंग-ओटा ठोकून घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. आमच्यासारखी कायमची बंद असेल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. वर्कशॉप एमआयडीसीच्या प्लॉटवर असेल तर कुटुंब हलवण्याआधी त्यांच्या कार्यालयात विचारा, तो प्लॉट राहायला दिलेला नसतो. आमची जागा खासगी होती.

आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. टायरवर उभ्या गाडीला अर्थिंग नसतं. आत वायर कुठं सोलली तर अख्खी बॉडी करंटमध्ये येते आणि आत बसलेल्याला काही कळत नाही. एक पाय जमिनीवर आणि हात दाराच्या दांडीला, की बसला झटका. म्हणून बॉडीला वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, मगच आत दिवा लावा. शेडमध्ये जनरेटर किंवा गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. गॅसची टाकी गाडीबाहेर, कारण गळलेला गॅस तळाला साचतो. वेल्डिंगच्या बाजूच्या काचा काळ्या करा. आमचा धाकटा दिवसभर फटीतून आर्क बघत बसला आणि रात्री ११ ला डोळ्यांत वाळू गेली म्हणून रडत उठला. तेव्हाच दुखतं, बघताना नाही.

राहिला मेहुणा. त्याने २०१६ साली स्वतःचं घर बांधलं, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून, दर रविवारी स्कूटरवरून साइटवर जाऊन. गेल्या भाऊबीजेला बायकोला घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. जिन्याच्या भिंतीवर तीन कॅलेंडरं. एका घरात, एकाच भिंतीवर, तीन, आणि तीही तिरकी, पायरी-पायरीने खाली उतरत गेलेली. तो आत फराळाचं आणायला गेला तेव्हा मधलं कॅलेंडर जरा उचलून बघितलं. बोट जाईल एवढी भेग. बायकोने डोळ्यांनीच दटावलं, म्हणून तिथं काही बोललो नाही.