खोकल्यापासून अहवालापर्यंत : आदिवासी पाड्यांवरील क्षयरोगाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. पाड्यांवर अनेकदा माहिती सांगितली, पत्रके वाटली, तरी खोकणारी माणसे तपासणीला येत नाहीत. आणखी काय करावे?

उत्तर : ताई, माहितीची कमतरता हे यामागचे मुख्य कारण नसावे. 2022 मध्ये देशातील 174 आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘आश्वासन’ मोहीम झाली. तीत एक कोटीहून अधिक लोकांची घरोघरी विचारपूस झाली, सुमारे 3 लाख 83 हजार जणांमध्ये क्षयरोगाची लक्षणे आढळली, पण तपासणी मात्र सुमारे 2 लाख 79 हजार जणांचीच होऊ शकली. म्हणजे आपल्याला खोकला आहे हे सांगूनही लाखभर माणसे तपासणीविना राहिली. दवाखाना डोंगरापलीकडे असेल आणि जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी बुडत असेल, तर समजावून सांगण्याने ते अंतर कमी होत नाही.

म्हणून माणसाला चालायला लावण्याऐवजी नमुना चालवावा. पाड्यावरचे दोन-तीन तरुण ठरवून घ्यावेत आणि त्यांनी बाजाराच्या दिवशी बेडक्याच्या नमुन्यांच्या डब्या आरोग्य केंद्रात पोचवाव्यात. थुंकी नव्हे, खोल खोकून काढलेला बेडका हवा, हे पावरी बोलीत प्रत्यक्ष करून दाखवावे. एक नमुना तिथल्या तिथे आणि दुसरा सकाळी उठल्याबरोबर घ्यावा. गोव्यातील कंपनीने तयार केलेले ट्रूनॅट हे क्षयरोग तपासणीचे यंत्र बॅटरीवरही चालते, त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या केंद्रातही ते ठेवता येते. तुमच्या केंद्रात ते नसेल तर ग्रामसभेच्या ठरावाने मागणी करावी. आणि अहवाल, तो कसाही असो, पाड्यावर परत गेलाच पाहिजे. ज्याच्या नमुन्याचे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही, तो पुढच्या वेळी डबी हातात घेणार नाही.

प्रश्न : मेळघाटात लोक आधी भूमकाकडे, म्हणजे गावातील पारंपरिक वैदूकडे, जातात. आम्ही शिक्षकांनी याला विरोध करावा का?

उत्तर : माझ्या मते करू नये. कोरकू कुटुंबाचा ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास आहे आणि ज्याला आजारी माणूस सर्वांत आधी भेटतो, त्याला दूर लोटले तर रुग्ण लपून त्याच्याकडे जाईल आणि आपल्याकडे आणखी उशिरा येईल. भूमकाला एवढेच विनवावे की दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटलेले वजन किंवा बेडक्यातून रक्त दिसल्यास त्याने आपला विधी जरूर करावा, पण त्याच दिवशी आशाताईंनाही निरोप द्यावा. त्याने पाठवलेला रुग्ण बरा झाला की ते श्रेय गावासमोर त्याला द्यावे.

प्रश्न : गोळ्या सुरू होताच लघवी लालसर होते आणि रुग्ण घाबरून औषध सोडतात.

उत्तर : तो रंग रिफाम्पिसिन या औषधाचा असतो आणि निरुपद्रवी असतो, हे पहिली गोळी देतानाच सांगावे. डोळे पिवळे होणे किंवा सतत उलट्या होणे ही मात्र यकृताला त्रास होत असल्याची खूण आहे, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मोहाची दारू हा धोका वाढवते. रागावलात तर रुग्ण पिणे लपवेल, म्हणून ही गोष्ट आपुलकीने बोलावी.

प्रश्न : गडचिरोलीतील आमच्या ग्रामसभेला ‘टीबीमुक्त ग्रामपंचायत’ व्हायचे आहे. सुरुवात कुठून करावी आणि पैसा कुठून आणावा?

उत्तर : या उपक्रमाच्या निकषांत हजार लोकसंख्येमागे एक किंवा त्याहून कमी रुग्ण असावा असे म्हटले आहे, आणि त्याचबरोबर हजारामागे किमान 30 संशयितांची तपासणी झालेली असावी असेही. आपण दुसरा आकडा आधी धरावा. तपासण्याच केल्या नाहीत तर कागदावर गाव सहज टीबीमुक्त होते, आणि घरात खोकणारी म्हातारी नातवंडांना आजार देत राहते. पहिल्या वर्षी रुग्णसंख्या वाढली तर ते काम नीट झाल्याचे लक्षण समजावे.

पैशांबाबत सांगायचे तर, पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या, ग्रामपंचायतींना मिळणारा आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के अबंध निधी आरोग्यावर खर्च करता येतो, आणि तेंदू-बांबूचे उत्पन्न असलेल्या ग्रामसभा स्वतःचाही वाटा घालू शकतात. तो आहारावर खर्च करावा, असा माझा आग्रह आहे. निक्षय पोषण योजनेचे महिना 1000 रुपये रुग्णासाठी असतात, पण एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरात ते सगळ्यांत वाटले जातात आणि त्यात गैर काहीच नाही. झारखंडमधील ‘राशन्स’ अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, रुग्णाच्या घरच्यांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली गेली, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्याही होत्या. त्या घरांत नव्याने होणाऱ्या क्षयरोगाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. तांदूळ रेशनवर मिळतो. डाळ आणि तेल ग्रामसभेने द्यावे.

प्रश्न : पालघरमधील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि उपचार तुटतात. काय करता येईल?

उत्तर : साध्या क्षयरोगाचे उपचार सहा महिन्यांचे आणि भट्टीचा हंगामही जवळपास तेवढाच, त्यामुळे ही तयारी दिवाळीआधीच करावी लागते. उपचार घेणाऱ्या प्रत्येकाचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी क्षयरोग नोंदणीचा क्रमांक, कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावा, कारण त्या क्रमांकावर देशातील कोणत्याही सरकारी केंद्रात औषध पुढे सुरू ठेवता येते. कुटुंब कोणत्या भट्टीवर जाणार हे मुकादमाकडून विचारून घ्यावे आणि तिथल्या आरोग्य केंद्राला आधी कळवावे. सोबत निदान महिनाभराच्या गोळ्या द्याव्यात. भट्टीवर एकाच झोपडीत झोपणाऱ्या लहान मुलांची तपासणी निघण्यापूर्वीच उरकून घ्यावी.