ऊसतोड कामगार फडावर मोबाइल कशासाठी वापरतात?

सगळ्यात जास्त गावी बोलायला. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती पाच-सहा महिन्यांनीच परतते. शाळकरी पोरं बरेचदा आजीजवळ राहतात. संध्याकाळी कोपीसमोर, म्हणजे राहायच्या झोपडीसमोर, चूल पेटली की व्हिडिओ कॉल लागतो. भाकरी थापता थापता आई विचारते, "जेवलास का रं?" कोपीत वीज नसली तर चार्जिंग ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. गाडी कधी भरायची, तेही मुकादम, म्हणजे टोळी आणणारा कंत्राटदार, फोनवरच कळवतो.

उचलीच्या, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांच्या, हिशोबाच्या वहीचा फोटो मात्र प्रत्येकाने काढून ठेवायलाच हवा. आणि 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे कारखान्याजवळच्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. माझ्या ओळखीतल्या कित्येकांना हे माहीतच नव्हतं. तुमच्याकडे टोळी आली असेल तर त्यांना नक्की सांगा.