‘सँपल पास झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

पाऊस लागला, अंतिम वर्षाचे वर्ग सुरू झाले आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर दरवर्षीप्रमाणे बदलला. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या विद्यार्थ्यांनी आणि काही पालकांनी कॅम्पस भरतीच्या कोडिंग परीक्षांविषयी विचारले आहे. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत आला असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने देत आहे. बाकीची उत्तरे प्रश्नाला लागतील तेवढीच आहेत.

प्रश्न : मला जावा बऱ्यापैकी येते, पण सगळे म्हणतात की पायथन केले तरच निभाव लागेल. भाषा बदलू का? (चिपळूण)

उत्तर : बदलू नका. परीक्षेच्या सूचनापत्रात जावाचा पर्याय दिला आहे ना, एवढे पाहून घ्या. ‘सगळे’ तुमच्या जागी परीक्षेला बसणार नाहीत.

प्रश्न : सध्या सातव्या सत्राची गडबड आहे. गणपती झाले की जोरात सराव सुरू करायचा विचार आहे. चालेल ना? (कणकवली)

उत्तर : चालणार नाही. अनेक कंपन्यांच्या चाचण्या सातव्या सत्राच्या आरंभापासूनच लागू लागतात, आणि विसर्जन उरकून, चाकरमानी मुंबईला परतून घर शांत होईपर्यंत त्यांतल्या काही होऊनही गेलेल्या असतात. हीच मंडळी सहाव्या सत्रात ‘शिमगा होऊ दे’ म्हणत होती, हे मी विसरलेलो नाही. सणात आरत्या म्हणा, मोदक खा, पण रोजचा दीड तासाचा सराव सोडू नका. तुमच्या महाविद्यालयात कोणत्या कंपन्या केव्हा येण्याची शक्यता आहे, हे प्लेसमेंट अधिकाऱ्यांना याच आठवड्यात भेटून विचारा.

प्रश्न : सरावात सँपल केस (नमुन्याचे इनपुट-आउटपुट) नेहमी पास होतात, पण सबमिट केल्यावर १० पैकी ४ टेस्ट केस (प्रोग्राम तपासण्याची इनपुट) पास दिसतात आणि उरलेल्या लपवलेल्या असतात. सीनियर सांगतात की त्या साइटचा कंपायलरच (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर) खराब आहे. काय करावे? (देवरूख)

उत्तर : कंपायलर खराब नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की सीनियरकडून ज्युनियरकडे ते वारसाहक्काने जात असावे. सँपल केस ही तुमच्या उत्तराची परीक्षा नव्हे. इनपुट कसे येईल आणि आउटपुट कसे छापायचे, एवढेच दाखवण्यासाठी ती दिलेली असते. खरी परीक्षा लपवलेल्या टेस्ट केसमध्ये असते, आणि त्या कशा असतील याची पुरेशी माहिती प्रश्नाच्या तळाशी मर्यादांच्या ओळीत छापलेली असते. ती ओळ विद्यार्थी वाचत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. आंब्याच्या पेट्यांची वजने दिली आहेत. ज्यांच्या वजनांची बेरीज बरोबर ‘क’ या दिलेल्या संख्येइतकी होते अशा दोन पेट्या आहेत का, ते सांगायचे आहे. सँपलमध्ये पाच पेट्या असतात. विद्यार्थी एका लूपमध्ये (पुन्हापुन्हा चालणाऱ्या सूचनांच्या फेरीत) दुसरा लूप घालतो, प्रत्येक पेटी प्रत्येक पेटीशी जोडून पाहतो, उत्तर बरोबर येते आणि तो चहा प्यायला जातो. मर्यादांच्या ओळीत मात्र पेट्या १ लाखापर्यंत असू शकतात असे लिहिलेले असते. १ लाख पेट्यांच्या जोड्या सुमारे ५०० कोटी होतात. सी प्लस प्लससारख्या वेगवान भाषेत सेकंदाला ढोबळमानाने १० कोटी साध्या क्रिया धरल्या, तरी हा हिशेब ५० सेकंदांचा झाला. परीक्षेत सहसा काही मोजक्याच सेकंदांची मुभा असते, आणि पायथनमध्ये तर याहून कितीतरी अधिक वेळ जाईल. याउलट प्रत्येक पेटीपाशी थांबून ‘क वजा हे वजन, एवढ्या वजनाची पेटी आधी येऊन गेली का’ एवढेच डिक्शनरीला किंवा हॅशमॅपला (नोंद झटकन शोधून देणाऱ्या रचनेला) विचारले, तर १ लाख पेट्यांचे काम एकाच फेरीत आटोपते.

येथेही एक मेख आहे. काही विद्यार्थी सगळी वजने आधी सेटमध्ये भरतात आणि मग शोधू लागतात. ‘क’ २० असेल आणि १० किलोची एकच पेटी असेल, तर त्यांचा प्रोग्राम तीच पेटी दोनदा मोजून ‘आहे’ असे सांगतो. आधी शोधायचे आणि मग भरायचे, या क्रमानेच ती चूक टळते. पाच पेट्यांच्या सँपलमध्ये ही परिस्थिती नसतेच. लपवलेल्या टेस्ट केसमध्ये ती मुद्दाम घातलेली असते.

आता प्रश्न किंचित बदलून ‘अशा जोड्या किती’ असा केला आणि सगळ्या १ लाख पेट्या सारख्याच वजनाच्या निघाल्या, तर उत्तर ४९९ कोटी ९९ लाख ५० हजार येऊ शकते. जावातील इंट या पूर्णांकांच्या प्रकारात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढची संख्या मावत नाही. प्रोग्राम कुरकुर न करता ७० कोटी ४९ लाख ८२ हजार ७०४ असे छापून मोकळा होतो, आणि आपण कंपायलरला दोष देतो. तेथे लाँग हा मोठा प्रकार वापरावा लागतो. याच जातीची चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतील बायनरी सर्चमध्ये (क्रमवार यादीत शोधण्याच्या पद्धतीत) सुमारे नऊ वर्षे दडून राहिली होती; दोन निर्देशांकांची (घटकांच्या क्रमांकांची) बेरीज इंटमध्ये न मावल्यामुळे मोठ्या ॲरेवर (यादीवर) ती उघडी पडे, आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. तेव्हा चूक होण्यात लाज नाही, पण ती शोधायलाच न जाणे मला क्षम्य वाटत नाही.

शोधायची कशी, तेही सांगतो. सबमिट करण्यापूर्वी किमान चार इनपुट स्वतः तयार करा: एकच घटक असलेले, सगळे घटक सारखे असलेले, प्रश्नात मुभा असल्यास शून्य आणि ऋण संख्या असलेले, आणि मर्यादेइतके मोठे. त्यानंतर तुमचा संथ पण खात्रीचा दुहेरी लूपचा प्रोग्राम आणि नवा वेगवान प्रोग्राम अशा दोघांना यादृच्छिक लहान इनपुट शेकडो वेळा देऊन उत्तरे ताडून पाहा. जेथे ती जुळणार नाहीत तेथे चूक सापडेल. आणखी एक क्षुल्लक पण गुण खाणारी गोष्ट म्हणजे, प्रॅक्टिकलच्या सवयीने ‘संख्या द्या’ असा संदेश छापू नका. तुमचे आउटपुट यंत्राकडून अक्षरशः ताडून पाहिले जाते, त्यामुळे तो संदेशही तुमच्या उत्तराचा भाग धरला जातो आणि उत्तर चूक ठरते.

अनेक परीक्षांत पास झालेल्या टेस्ट केसच्या प्रमाणात गुण मिळतात. तशी सूचना असेल, तर आधी संथ पण बरोबर उत्तर सबमिट करून मग वेगाच्या मागे लागावे. इतके करूनही अडलात, तर तो एक प्रोग्राम कागदावर उतरवून डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दाखवा; ‘सर, काहीच पास होत नाही’ एवढेच सांगितल्यास त्यांनाही मदत करता येत नाही.

प्रश्न : ५०० प्रश्नांच्या यादीपैकी माझे २१० झाले. व्हिडिओ पाहून किंवा एआयला विचारून उत्तर समजते, पण परीक्षेत स्वतःला सुचत नाही. (रत्नागिरी)

उत्तर : मग ते २१० झालेले नाहीत, पाहिलेले आहेत. पोहण्याचे व्हिडिओ पाहून कोणी भाट्याच्या खाडीत उतरत नाही. प्रश्नाला चाळीस मिनिटे कागद-पेन घेऊन स्वतः द्या. तरीही अडलात तर फक्त इशारा पाहा, पडद्यावरची ती खिडकी बंद करा आणि प्रोग्राम स्वतः लिहा. आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या पडद्यावर पुन्हा सोडवा. एआय तुमच्या प्रोग्राममधली चूक दाखवण्यासाठी वापरला तर माझी हरकत नाही, परंतु उत्तर मागण्यासाठी वापरलात तर सराव त्याचा होतो, तुमचा नाही. सुरुवातीच्या नोकऱ्यांच्या चाचण्यांसाठी ॲरे, स्ट्रिंग, अंकांची गणिते, सॉर्टिंग-सर्चिंग, हॅशमॅप, स्टॅक आणि रिकर्शन यांवरचे शंभरेक प्रश्न मनापासून सोडवणे मला ५०० च्या यादीहून अधिक मोलाचे वाटते. तुमचा कच्चा विषय कोणता, ते मात्र शिक्षकांकडून तपासून घ्या.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. कोडिंग येते, पण इंग्रजीतला लांबलचक प्रश्न वाचतानाच वेळ जातो. (दापोली)

उत्तर : ही अडचण खरी आहे आणि ती दूर होते. गोष्ट वाचून झाल्यावर काय दिले आहे, काय मागितले आहे आणि मर्यादा काय आहेत, एवढे कच्च्या कागदावर मराठीत लिहून काढा. फसवणारे शब्द मोजकेच आहेत. सबॲरे म्हणजे सलग तुकडा. सबसिक्वेन्समध्ये मधले घटक गाळता येतात, पण क्रम तोच राहतो. ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘ॲट लीस्ट’ म्हणजे कमीत कमी, आणि ‘स्ट्रिक्टली इन्क्रीझिंग’ म्हटले की दोन शेजारी सारखे असून चालत नाहीत. अशी पंचवीस-तीस शब्दांची वही करा आणि इंग्रजीच्या शिक्षकांकडून एकदा तपासून घ्या.

प्रश्न : मुलासाठी पुण्यातील एका क्लासने ४५ हजार रुपयांत नोकरीची हमी दिली आहे. शिवाय टेलिग्रामवर १,५०० रुपयांत ‘खरा पेपर’ मिळतो, असे त्याचे मित्र सांगतात. काय करावे? (कुडाळ, पालक)

उत्तर : नोकरी कंपनी देते, क्लास नव्हे, तेव्हा जी वस्तू दुकानात नाही तिची हमी दुकानदार कशाच्या जोरावर देतो, हे आपणच त्यांना विचारावे. हमीच्या अटी लेखी मागाव्यात आणि पैसे परत मिळण्याचे कलम सावकाश वाचावे. बहुतेकदा खरी हमी तेथेच विरघळलेली आढळते. शिकवणी हवीच असेल तर ती शिकवण्याच्या दर्जावर निवडावी, आणि त्याआधी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावरील आयआयटीच्या प्राध्यापकांची विनामूल्य व्याख्याने मुलाने पाहिली आहेत का, हे विचारावे.

‘खऱ्या पेपर’च्या वाटेला मुळीच जाऊ नये. मोठ्या चाचण्यांत प्रश्न साठ्यातून निवडले जातात आणि उमेदवारागणिक बदलू शकतात; विकला जातो तो जुन्या प्रश्नांचा गठ्ठा, आणि पकडला गेल्यास उमेदवारी रद्द होते ती मुलाची. काही खुल्या चाचण्यांना अधिकृत संकेतस्थळावर शुल्क असते, ते वेगळे. पण नेमणूकपत्रासाठी, लॅपटॉपसाठी किंवा प्रशिक्षणाची अनामत म्हणून कोणी पैसे मागितले, तर देण्यापूर्वी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षाकडून खातरजमा करावी. पैसे गेलेच असतील, तर संकोच न करता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. येथे एकेक तास महत्त्वाचा असतो.

प्रश्न : एका विषयात बॅकलॉग आहे (तो सुटायचा राहिला आहे). परीक्षेला बसता येईल का? (लांजा)

उत्तर : कंपनीगणिक अट वेगळी असते, सूचनापत्र पाहा, प्लेसमेंट अधिकाऱ्यांना विचारा आणि अर्जात बॅकलॉग लपवू नका.

प्रश्न : निवड झाली आहे, पण दोन वर्षांचा बाँड आहे. सही करू का? (मालवण)

उत्तर : वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

प्रश्न : परीक्षा घरून द्यायची आहे आणि आमच्याकडे पावसात वीज व नेट दोन्ही जाते. (गुहागर)

उत्तर : जमत असेल तर घरून देऊच नका. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जनरेटर आहे का आणि तेथून परीक्षा देण्यास कंपनीची परवानगी आहे का, हे प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या. घरूनच द्यायची वेळ आली, तर लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा, राउटर इन्व्हर्टरवर असावा आणि दुसऱ्या कंपनीचे सिम हाताशी असावे. मात्र मध्येच नेट बदलल्यास पुन्हा लॉग-इन करता येते का, हे सूचनापत्रात आधीच वाचून ठेवा. पडद्यावरची खिडकी बदलली किंवा चेहरा कॅमेऱ्याबाहेर गेला तर त्याची नोंद होऊ शकते, म्हणून वीज गेली की मेणबत्ती शोधायला उठू नका. दिवा आधीच जवळ ठेवा. संपर्क तुटलाच तर नेमकी वेळ टिपून प्रवेशपत्रावरील मदत कक्षाला त्याच तासात ई-मेल करा आणि प्लेसमेंट अधिकाऱ्यांना कळवा. आठवड्याने येणाऱ्या तक्रारीची दखल घेतली जाईल, अशी आशा ठेवू नका. केंद्र कोल्हापूरला मिळाले असेल, तर आंबा घाटात दरड येण्याची वाट न पाहता आदल्या दिवशी दुपारीच निघा.